कामानिमित्त रत्नागिरीत आलात तर जेवायचं कुठे, पाव घ्यायचा कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्फ कारखान्यांतले अमोनियाचे कॉम्प्रेसर दुरुस्त करायला मी कोल्हापूरहून महिन्याकाठी एक-दोनदा रत्नागिरीला येतो. आंबा घाट उतरून साखरपा, पाली, हातखंबा आणि मग गाव. या कामाला चौदा वर्षं झाली. आमच्याकडे नवीन मुलं लागली की त्यांची पहिली फेरी बहुधा रत्नागिरीची असते आणि पहिला फोन मला येतो, "सर, जेवायचं कुठे?" तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एकदा नीट लिहून काढली. मुक्काम दोन रात्रींचा, वेळ थोडा, भत्ता ठरलेला आणि भूक दिवसभर राबल्यानंतरची, असं धरून लिहिलंय.

हॉटेलांची नावंच द्या ना सरळ.

देत नाही, त्याला कारण आहे. कोकणातली खानावळ हातावर चालते. हात बदलला की चव बदलते, पाटी मात्र तीच राहते. झाडगावच्या बाजूला एका काकींकडे मी सात-आठ वर्षं दर फेरीला जेवलो. पुढे त्यांचे गुडघे गेले, मुलगा त्यांना ठाण्याला घेऊन गेला आणि जागा दुसऱ्याला चालवायला दिली. पाटीवर आजही काकींचंच नाव आहे. मी कुणाला ते नाव सांगितलं तर तो काकींच्या आमटीच्या आशेनं जाईल आणि त्याला वेगळंच काही मिळेल.

त्यापेक्षा भाग सांगतो. मासळीची घरगुती खानावळ हवी तर मांडवी आणि मिरकरवाड्याच्या अंगानं शोधा. एसटी स्टँड, गोखले नाका, रामआळी हा जुना बाजार. उपाहारगृहं, मिठाईवाले आणि जुन्या बेकऱ्या या पट्ट्यात पायी फिरून सापडतात. मारुती मंदिर ते साळवी स्टॉप रस्त्यावर नवी, मोठी हॉटेलं आहेत. काम संपायला रात्रीचे दहा वाजले तर तिथे जेवण मिळतं. रेल्वे स्टेशन गावाबाहेर कुवारबावला आहे. गाडी उशिरा आली तर तिथेच काहीतरी खाऊन मग रिक्षा करा, गावात पोचेपर्यंत खानावळींची भांडी घासून झालेली असतात.

अनोळखी खानावळ चांगली की नाही, हे आत शिरल्याशिवाय कसं कळतं?

आत शिरून एकच प्रश्न विचारायचा, "आज काय आलंय?"

"सगळं आहे, पापलेट, सुरमई, कोळंबी, खेकडा, बोला काय देऊ?" असं उत्तर आलं तर तिथे कार्डावर स्वयंपाक होतो. वाईट असेलच असं नाही, पण ते जेवण तुम्हाला पुण्यातही मिळतं. याउलट "सुरमई नाय आज, सौंदाळे आलेत चांगले, आणि थोड्या तिसऱ्या आहेत" असं कुणी म्हणालं की बसून घ्या (तिसऱ्या म्हणजे शिंपल्या). ज्याला काय नाही हे सांगता येतं, तो सकाळी स्वतः बाजारात गेलेला असतो. मालवणात तर विचारायच्या आधीच सांगतात, "इसवण आसा, सरंगो संपलो." इसवण म्हणजे सुरमई, सरंगा म्हणजे पापलेट.

दुसरी खूण वेळेची. चांगल्या खानावळीत दुपारी अडीचनंतर भात संपलेला असतो. साडेतीनला सगळं गरमागरम मिळत असेल तर ते कधी शिजलं असेल याचा विचार करावा. म्हणून साइटवरून बाराच्या सुमारास फोन करून "दोन ताटं ठेवा" असं सांगायची सवय लावून घ्या. खानावळवाले ठेवतात. फोन करून ठेवायला सांगितलेलं ताट आजपर्यंत कुणी दुसऱ्याला दिलेलं मी पाहिलं नाही.

बर्फातली मासळी म्हणजे शिळी ना?

हा समज मला मनापासून खोडून काढायचा आहे, कारण माझं पोट बर्फावर चालतं.

मासळी समुद्रातून वर आली की लगेच बिघडायला लागते, आणि बांगडा, तारली यांसारखी तेलकट मासळी तर फार लवकर. ती थांबवते थंडी. लादी फोडून केलेला चुरा बर्फ थरावर थर घालून होडीवरच लावला, तर वितळणारं पाणी माशावरून वाहत राहतं आणि मासा शून्य अंशाच्या आसपास राहतो. असा मासा दुसऱ्या दिवशीही उत्तम लागतो. घात होतो तो किनाऱ्यावर आल्यावर. टोपलीत, उन्हात, बर्फाशिवाय चार तास पडलेला बांगडा नावाला "आजचा" असतो, पण आतून गेलेला असतो.

हे मी स्वतः भोगलंय. एका वैशाखात महामार्गावरच्या एका ढाब्यावर बांगडा खाल्ला. पहिल्या घासाला जिभेला मिरमिरल्यासारखं झालं. मसाला असेल म्हणून पुढे खात राहिलो. अर्ध्या तासात चेहरा लाल, मानेवर गांध्या, छातीत धडधड. डॉक्टरांनी सांगितलं, बांगड्याच्या जातीचा मासा उबेत राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून वा तळून जात नाही. तेव्हापासून बांगड्याच्या पहिल्या घासाला जीभ चुरचुरली की मी ताट बाजूला सारतो. तुम्हीही सारा, पैशाकडे बघू नका.

खानावळीत कच्चा मासा दाखवतात, मागितला तर राग मानत नाहीत. डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ला लाल, बोट दाबलं की मांस परत वर येणारं. तळलेल्या तुकडीत मांस काट्याला धरून राहिलं तर मासा ताजा. भुगा होऊन सुटलं तर नाही.

पापलेट-सुरमई सोडून काय मागवावं?

इथेच तुमच्या फेरीचं सोनं आहे. शनिवार-रविवारी येणाऱ्या पर्यटकांना पापलेट आणि सुरमई हवी असते, म्हणून हॉटेलं ती ठेवतात आणि भावही तसाच लावतात. तुम्ही मंगळवारी, बुधवारी येता. त्या दिवशी खानावळीत घरची मासळी असते. मुडदुशे कुरकुरीत तळलेले. मांदेली डोक्यासकट खायची. लेपा नुसता तव्यावर. पेडवे भाकरीबरोबर. करलीला काटे फार, घाईच्या दुपारी घेऊ नका, पण रात्री निवांत बसून खाल्लीत तर तिच्या चवीला तोड नाही.

एक पदार्थ मात्र शोधून खा, बांगड्याचं तिखलं. यात नारळ नाही. लाल मिरची, हळद, आमसुलं आणि ठेचलेली तिरफळं घालून बांगडे जेमतेम पाण्यात शिजवतात, रस अंगाबरोबर आटवतात. काकी ते मातीच्या भांड्यात करायच्या, ढवळायच्या नाहीत, भांडंच दोन्ही हातांनी धरून गोल फिरवायच्या, बांगडा मोडू नये म्हणून. ताटात वाढल्यावर आधी तिरफळाचा वास येतो, मग जिभेच्या शेंड्याला हलका बधिरपणा. हा बधिरपणा तिरफळाचा, त्याची भीती नाही. मघाशी सांगितलेली चुरचुर घशापर्यंत जाते आणि तोंडात जळजळ ठेवते. फरक एकदा कळला की विसरत नाही. तिरफळ चावू नका, बाजूला काढून ठेवा.

तळणाबद्दल माझं मत ठाम आहे. रव्याचं जाड कवच बाहेरच्यांना आवडतं म्हणून सगळीकडे पसरलं. मासा ताजा असेल तर "तांदळाच्या पिठात, तव्यावर" असं सांगा. पीठ मासळीची चव झाकत नाही.

आणि भाव आधी विचारा. "साइजप्रमाणे" असं कार्डावर लिहिलेलं असतं तिथे तर नक्कीच. यात संकोच नको, इथली माणसंही विचारूनच घेतात.

सोलकढी खरी की पावडरची, कसं ओळखायचं?

वाटी पाच-दहा मिनिटं तशीच ठेवा. नारळाच्या दुधाची असेल तर वर दाट साय आल्यासारखा थर येतो, खाली पातळ राहतं. रंग फिका, किंचित जांभळट गुलाबी असतो. झगझगीत गुलाबी दिसली तर मी पीत नाही. शिवाय सोलकढी दुपारची प्यावी. नारळाचं दूध या हवेत लवकर आंबतं, सकाळी काढलेलं रात्रीपर्यंत टिकत नाही.

रत्नागिरीतल्या बेकरीत एवढं काय आहे?

मासळीच्या नादात सगळे हेच विसरतात. कोकणातल्या कितीतरी गावांत लाकडाच्या भट्टीवर चालणाऱ्या बेकऱ्या अजून टिकून आहेत. दुकानापुढे फक्त काचेच्या बरण्या आणि पत्र्याचे डबे दिसतात. मागच्या बाजूला गेलात तर रचलेली लाकडं, धुरानं काळवंडलेली भिंत आणि लांब दांड्याची लाकडी फावडी.

एकदा पहाटे साडेचारला मशीन बंद पडल्याचा निरोप आला. ते चालू करून परत येताना बेकरीचं मागचं दार उघडं दिसलं, म्हणून चहा विचारायला थांबलो. भट्टीवाल्या चाचांनी बसायला रिकामा डबा दिला. निखारे ओढून भट्टी झाडून झाली होती. त्यांनी चिमूटभर मैदा आतल्या फरशीवर फेकला. तो क्षणात काळा पडला. "अजून गरम आहे," म्हणाले आणि थांबले. थोड्या वेळानं परत चिमूट टाकली, ती सावकाश बदामी झाली, तशी पावाच्या पाट्या आत सरकवल्या. भट्टीला ना घड्याळ होतं ना तापमापक. आम्ही चार-चार गेज लावून जे मोजतो ते हा माणूस चिमूटभर मैद्यात मोजत होता. मी कामातली शिस्त ज्यांच्याकडून शिकलो त्यांत हे चाचाही आहेत.

भट्टी एकदा तापली की तिची धग दिवसभर उतरत्या क्रमानं वापरतात. कडक आच लागते ती पावाला, म्हणून पाव आधी. मग खारी. आच आणखी उतरली की नानकटाई आणि बिस्किटं. रात्री उरलेल्या मंद धगीवर टोस्ट आणि बटर वाळत पडतात. बटर म्हणजे इथे लोणी नव्हे. गोल, कडक, जिरं घातलेलं, चहात बुडवून खायचं ते बटर.

हा क्रम कळला की कधी जायचं तेही कळतं. पाव हवा तर सहा-साडेसहाला. कित्येक ठिकाणी दुपारी चारच्या सुमारास दुसरी भट्टी निघते, त्या वेळी गेलात तर लादी हातात धरवत नाही इतकी गरम असते. ती तिथेच फोडून खा, खोलीवर नेईपर्यंत तिची मजा जाते. खारी आणि नानकटाई दुपारनंतर घ्या. वाडीवस्तीत पाव सायकलवर येतो, भोंग्याचा पों-पों आवाज आला की घरातून पोरं पैसे घेऊन धावतात.

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात फेरी असेल तर बेकरीत संध्याकाळी मुद्दाम डोकावा. बायका घरून रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन आलेल्या असतात. आपल्या तुपाची नानकटाई आपल्या समोर भाजून घेतात आणि डबे भरून नेतात. कुणाची ताटली कुठली हे भट्टीवाल्याला बरोबर लक्षात राहतं.

नानकटाईची पारख सोपी. बोटांनी दाबली की वाळूसारखी विरघळायला हवी आणि टाळूला चिकटायला नको. टाळूला मेणासारखा थर बसला की समजावं, वनस्पती तूप आहे.

सकाळी सातला साइटवर पोचायचं असतं. नाश्ता?

एसटी स्टँडच्या आसपास सहापासून पोहे, मिसळ, बटाटावडा मिळतो. पोह्यांवर ओलं खोबरं भरपूर असतं. घावणे किंवा आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ मिळाली तर तीच घ्या, दुपारी दोनपर्यंत भूक लागत नाही. चहा मात्र बेकरीतल्या बटरबरोबरच.

मी शाकाहारी आहे. माझ्या वाट्याला फक्त डाळ-भात?

अजिबात नाही. खरं सांगायचं तर फेब्रुवारी ते मे तुमचेच दिवस असतात. ओल्या काजूगरांची उसळ फेब्रुवारीपासून सुरू होते आणि तिची सर बदाम-पिस्त्याच्या कुठल्याही भाजीला नाही. मग कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, एप्रिलपासून आंबा. एरवी डाळिंब्यांची उसळ, कुळथाचं पिठलं, अळूचं फदफदं, मेतकूट-भात. उकडीचे मोदक संकष्टीला अनेक ठिकाणी मिळतात, पण आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. जुन्या बाजारातल्या भोजनालयांत विचारा. मोठ्या हॉटेलात गेलात तर पनीर पुढे येईल.

आमरस बारा महिने मिळतो, पण जूननंतरचा बहुतेक डबाबंद रसाचा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाजारात पेटीवर काहीही छापलेलं असतं. खानावळीत आंबा कापून मागा, रस मागू नका.

कुठल्या महिन्यात यावं, कुठल्यात टाळावं?

काम काही महिना बघून निघत नाही, पण काय मिळेल हे माहीत असावं. 1 जून ते 31 जुलै राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचा हा काळ, त्यात समुद्र खवळलेला. या दोन महिन्यांत हॉटेलात "ताजी सुरमई" असेल तर ती कुठून आली हे विचारायला हवं. त्यापेक्षा सुकं खा. सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची खिचडी, जवळ्याची चटणी, सुक्या बांगड्याची कोशिंबीर. पहिल्या पावसात चढणीचे मासे आणि शेतातल्या कुर्ल्या येतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी या रानभाज्याही तेव्हाच. बाहेर पाऊस कोसळत असताना उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा मी कुठल्याही थाळीच्या वर ठेवतो.

श्रावणात नारळी पौर्णिमेपर्यंत मासळी कमीच, खाणारेही कमी. गणपतीत मात्र यायचंच नाही, निदान जेवणाच्या भरवशावर तरी नाही. मुंबईचा चाकरमानी गावी येतो आणि खानावळीचा स्वयंपाकी आपल्या वाडीत जातो. दीड, पाच, सात दिवस अनेक चुली बंद. शिमग्यात पालखी घराघरांत फिरते तेव्हाही तसंच. मी त्या दिवसांत बॅगेत चिवडा आणि दशम्या घेऊन येतो. एका शिमग्यात कारखान्यातला हेल्पर मला घरी घेऊन गेला. त्याच्या आईनं पुरणपोळी वाढली आणि "उद्या पण याच हो," म्हणाली. दुसऱ्या दिवशीही गेलो.

ऑक्टोबर ते जानेवारी हे सगळ्यात चांगले महिने.

ऑफिसला बिल लागतं. छोट्या खानावळीत मिळतं का?

मिळतं, मागावं लागतं. साध्या हॉटेलाला 5 टक्के जीएसटी लागतो आणि बिलावर पंधरा आकडी-अक्षरी क्रमांक असतो. लहान ठिकाणं बरेचदा कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. त्यांचं बिल हातानं लिहिलेलं असलं तरी चालतं, हे आपल्या अकाउंटवाल्यांना आधी सांगून ठेवा. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक 2022 पासून बिलावर असायलाच हवा. सर्व्हिस चार्ज जबरदस्तीनं लावता येत नाही. नको असेल तर नम्रपणे काढायला सांगा.

एकटी बाई कामावर आली असेल तर?

आमच्या कंपनीतल्या दोघी जणी नियमित येतात. त्यांचं सांगणं असं, की जिथे वाढायला आणि गल्ल्यावर घरातली बाई असते ती खानावळ निवडावी, रात्री आठच्या आत जेवून घ्यावं, आणि बारची पाटी असलेलं हॉटेल सोडावं. दुसऱ्याच फेरीला काकी नावानं ओळखायला लागतात, असंही त्या सांगतात.

दर वेळी नवीन जागा शोधायची की ठरलेल्या ठिकाणी जायचं?

दोन दिवसांत चार जेवणं होतात. त्यातली तीन ओळखीच्या ठिकाणी घ्या, एक नवीन ठिकाणी. मुलं उलट करतात, चारही वेळा नवीन जागा, सगळ्यांचे फोटो. पण खानावळ पहिल्या ताटात आपलं सगळं दाखवत नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीला कधीतरी काकी आतून वाटी आणतात, "हे घरच्यांसाठी केलंय, बघा खाऊन." मला शेवंडीचं कालवण, कालवांची आमटी, शिरवाळे आणि नारळाचा रस हे सगळं असंच मिळालं. यातलं काहीच कुठल्या कार्डावर नव्हतं.

नवीन जागेसाठी गुरुवार आणि सोमवार टाळा. या दोन दिवशी मासळी न खाणारे पुष्कळ, म्हणून स्वयंपाक कमी होतो आणि आदल्या दिवशीचं पुढे यायची शक्यता वाढते.

घरी काय न्यावं?

आमसुलं, आगळ (कोकमाचा रस), काजू, फणसपोळी, आंबापोळी हे तर न्यालच. आमसुलं दाबून बघा, मऊ आणि ओलसर हवीत. पार कोरडी ठणठणीत झाली असतील तर गेल्या वर्षीची. सुकी मासळी न्यायची तर दोन प्लास्टिक पिशव्या आणि वर पत्र्याचा झाकणाचा डबा. एसटीत शेजारच्या माणसाला पाच तास त्याच वासात बसायचं असतं.

नानकटाई निघायच्या दिवशीच दुपारी घ्या, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर वाफ धरून ती मऊ पडते. खारीचा डबा मांडीवर ठेवा. आंबा घाटातली वळणं संपेपर्यंत तरी ठेवाच, खाली ठेवला तर कोल्हापुरात पोचेपर्यंत चुराच राहतो.